सुपरपॉवर असलेल्या कॉलेजच्या पोरांची, प्रौढ वाचकांसाठीची व्हिज्युअल नॉव्हेल मराठीत कशी करायची

मागे एखादं चित्र, समोर पात्र, खाली संवादाची पट्टी आणि मधूनमधून वाचणाऱ्यापुढे टाकलेला एखादा पेच, अशी व्हिज्युअल नॉव्हेल असते. ती गेम म्हणून चालते, पण तिच्यातलं बहुतेक काम लेखनाचं असतं. म्हणूनच लातूर, परभणी किंवा जालन्यात बसून, साध्या लॅपटॉपवर, एकट्यानंही पूर्ण होईल असा गेमचा हा प्रकार आहे. मराठीत अशा गोष्टी फार व्हायला हव्यात, आणि त्या मराठवाड्यातल्या पोरापोरींनी कराव्यात असं मला मनापासून वाटतं.

‘प्रौढांसाठी’ म्हटलं की लोकांना एकच गोष्ट आठवते. इथे मी तो शब्द जास्त व्यापक अर्थानं घेतोय. त्यात कर्ज आहे, जात आहे, शरीराची ओढ आहे, नकार आहे, दारू आणि मारहाण आहे, आणि आपण घेतलेल्या निर्णयाची भरपाई दुसऱ्याला करावी लागणंही आहे. सुपरपॉवरच्या गोष्टीत हे सगळं एका प्रश्नात मावतं: ही शक्ती वापरली की बिल कुणाच्या नावावर फाटतं? गोष्ट, कोड, चित्रं, सगळी कामं याच प्रश्नाला धरून करायची आहेत.

पहिली पायरी: पात्रांची वयं पक्की करा

आपल्याकडे अकरावी-बारावीलाही कॉलेजच म्हणतात. लातुरात तर क्लासेसच्या गल्लीत उभं राहिलं की कॉलेजची म्हणून दिसणारी निम्मी गर्दी अठराच्या आतली असते. त्यामुळे ‘कॉलेजची पोरं’ एवढं लिहून भागत नाही. पात्रं पदवीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला, एमएला किंवा स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासाला घ्या. प्रत्येकाचं वय गेममध्ये स्पष्ट येऊ द्या आणि चित्रातही ती माणसं तेवढ्या वयाचीच दिसू द्या. बारावीतल्या आठवणीचा प्रसंग असेल तर त्यात प्रेमप्रकरणाचा शारीरिक भाग अजिबात नको. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६७ब अल्पवयीन मुलांच्या अश्लील चित्रणाबद्दल आहे. ते मजकुरालाही लागू होतं आणि काढलेल्या चित्रालाही. पण कायदा नसता तरी ही रेघ मी इथेच ओढली असती.

कॉलेज मात्र कल्पित ठेवा. गोष्टीत रॅगिंग, मारामारी, प्राध्यापकांचं वागणं असं सगळं येणार. ते एखाद्या खऱ्या संस्थेच्या माथी मारणं योग्य नाही. शहर खरं, कॉलेज कल्पित, ही जोडी चांगली चालते. रॅगिंग दाखवणार असाल तर महाराष्ट्राचा रॅगिंगबंदी कायदा १९९९ चा आहे आणि त्यात दोन वर्षांपर्यंत कैद आहे, हे लक्षात ठेवा. तक्रार करायची की नाही, हा पेच खरा वाटायला अशी माहिती उपयोगी पडते.

दुसरी पायरी: आधी किंमत, मग शक्ती

या पायरीवर सगळ्यात जास्त वेळ द्या. उडणं, आग फेकणं, अदृश्य होणं या शक्ती कुठल्याही गावात चालतात, म्हणून त्या कुठल्याच गावाच्या राहत नाहीत. आपल्या भागातल्या जगण्यात कशाचा तुटवडा आहे, कशासाठी माणसं भांडतात, ते बघा. शक्ती तिथूनच उगवू द्या.

उदाहरण म्हणून तीन पात्रं घेऊ.

वैष्णवी, वय २१, बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला, गाव औसा तालुक्यात. तिला जमिनीखालचं पाणी ऐकू येतं. आजोबा पाणाडी होते, नारळ तळहातावर धरून जागा दाखवायचे. हिला नारळ लागत नाही. शक्तीचे नियम भूगोलातून घ्या. आपल्याकडे खाली बेसॉल्टचा काळा दगड आहे आणि त्यात पाणी साठतं ते भेगांत, झिजलेल्या थरांत. म्हणून तिला तळं ऐकू येत नाही, भेगेतली बारीक झुळझुळ ऐकू येते. किंमत अशी, की एकदा पाणी ऐकलं की पुढचे काही तास माणसांचं बोलणं तिला तुटक ऐकू येतं.

दत्ता, वय २३, केज तालुक्यातला, छत्रपती संभाजीनगरला अभ्यासिकेत बसून एमपीएससी करतोय. आई-वडील ऊसतोडीला जातात. दुसऱ्याचा थकवा तो स्वतःवर घेऊ शकतो. मुकादमाकडून उचल घेतलेली, दिवाळीनंतर कोयता, म्हणजे ऊसतोडीचं जोडपं, बाहेर पडलेला, आईची कंबर गेलेली आणि उद्या पूर्वपरीक्षा. तो रात्री आईला फोन लावतो. पुढचं सांगायची गरजच नाही.

शाहीन, वय २२, एमए उर्दू. समोरचा खोटं बोलला की तिच्या दातांत कळ येते.

आता वैष्णवीचा एक प्रसंग जवळून पाहू. मे महिना, दुपार, चुलत्याचं शेत. बोअरची गाडी येऊन उभी आहे आणि फुटामागं दर ठरलेला आहे.

चुलता: “वैशे, सांग की बाई, कुठं हाय?”
वैष्णवी, मनात: डाव्या पायाखाली. खोल आहे. बारीक आहे, पण आहे.
चुलता: “गाडीवाला थांबायला तयार न्हाई. बोल लवकर.”

वाचणाऱ्यापुढे तीन पर्याय येतात. “इथंच आहे, काका.” “इथं काहीच नाही.” “काका, आधी गावच्या आडाचं बघू.” पहिला निवडला तर बोअरला पाणी लागतं आणि तिसऱ्या प्रकरणात उताराच्या बाजूला असलेल्या विधवा बाईची विहीर आटते. दुसरा निवडला तर चुलता भलतीकडंच बोअर मारतो, ते कोरडं जातं आणि सावकाराचं व्याज सुरू होतं. तिसऱ्यात भांडण होतं आणि चुलत्याकडून येणारे फीचे पैसे बंद होतात. यातला एकही पर्याय ‘बरोबर’ नाही. वाचणाऱ्याला बरोबर उत्तर शोधायची सवय लागली की गोष्ट परीक्षेतली प्रश्नपत्रिका होऊन बसते. म्हणून प्रत्येक पर्यायाखाली एक ओळ लिहून ठेवा: याची किंमत कोण देतं आणि कोणत्या प्रकरणात? ज्या पर्यायाखाली ही ओळ लिहिता येत नाही तो काढून टाका.

महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल कायद्यात ६० मीटरपेक्षा खोल विहिरीला खोल विहीर म्हटलं आहे. म्हणजे पाणी किती फुटांवर ‘ऐकू आलं’, हा आकडाही कथेत पेच टाकू शकतो. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं. तेव्हा लहान असलेली पोरं आज याच वयाची आहेत. वैष्णवीच्या आठवणीत ती गाडी असणारच.

शाहीनचं पात्र लिहिताना फार जपायचं आहे. दुसऱ्याच्या मनात डोकावणारी किंवा दुसऱ्याला वळवणारी कोणतीही शक्ती प्रेमाच्या प्रसंगात आली की संमतीचा प्रश्न उभा राहतो. एक नियम कडकपणे पाळा: शक्ती वापरून कुणाचा होकार मिळाला, असं गेममध्ये कधीही बक्षीस म्हणून देऊ नका. शाहीनला दत्ता आवडतो. “मला काही वाटत नाही तुझ्याबद्दल,” असं तो म्हणतो आणि तिच्या दातांत कळ येते. आता तिला कळलंय, पण त्यानं ते सांगितलेलं नाही. ती गप्प राहते, की “तू खोटं बोलतोस हे मला कळतं” असं आधी कबूल करते? प्रौढ गोष्ट इथे आहे, आणि तिच्यासाठी एकही कपडा उतरवावा लागत नाही.

तिसरी पायरी: बोलणं

मराठी क्रियापद लिंग सांगतं. “मी आलो”, “मी आले” यातला फरक म्हणजे गेममधली जवळपास प्रत्येक ओळ. इंग्रजी गेममध्ये सहज दिली जाणारी ‘नायक की नायिका निवडा’ ही सोय आपण दिली तर अख्खी संहिता दोनदा लिहावी लागते. पहिल्या गेममध्ये मुख्य पात्र ठरलेलंच ठेवा.

तू, तुम्ही, अहो-जाहो हे आपल्या हातातलं मोठं हत्यार आहे. अभ्यासिकेत नवा आलेला पोरगा सीनियरला ‘दादा’ म्हणतो, मेसच्या मावशींना ‘मावशी’ आणि ‘तुम्ही’ म्हणतो, रूम पार्टनरला पहिल्या दिवसापासून ‘तू’. शाहीन आणि दत्ता आधी एकमेकांना तुम्ही म्हणत असतील तर पहिला ‘तू’ कुणाच्या तोंडून, कोणत्या प्रसंगात निघतो, ते आधीच ठरवा. असा एक ‘तू’ पानभर वर्णनापेक्षा जास्त सांगतो.

बोलीचं प्रमाण बेतानं ठेवा. ‘कामून’, ‘लई’, ‘काय करायलास’, जालना-बीडकडचं ‘मपलं-तुपलं’, शहरातली दखनी, हे सगळं संवादात येऊ द्या. पात्राच्या मनातलं बोलणं मात्र सोपं, बोलतो तशा मराठीत ठेवा, नाहीतर पडद्यावर वाचताना दमछाक होते. आणि मराठवाडा एकाच तोंडानं बोलत नाही. औशाची वैष्णवी आणि केजचा दत्ता यांचं बोलणं वेगळं ऐकू यायला हवं. त्या त्या भागातल्या माणसाकडून संवाद मोठ्यानं वाचून घ्या, चुकलेला शब्द तो लगेच पकडतो.

संवादाच्या एका पट्टीत दोन, फार तर तीन ओळी ठेवा. त्याहून मोठं वाक्य तोडा.

चौथी पायरी: फांद्या

पाच ठिकाणी दोन-दोन पर्याय दिले आणि प्रत्येक फांदी वेगळी वाढू दिली तर ३२ शेवट होतात. एकट्या माणसाला ते झेपत नाही. म्हणून फांदी फुटू द्या, दोन-तीन प्रसंग वेगळे चालू द्या आणि मग सगळ्यांना एका सामाईक प्रसंगात परत आणा. फरक नोंदींमध्ये साठवा: विहीर आटली का, फी भरली का, शाहीननं कबुली दिली का. पुढे याच नोंदी बघून संवाद बदलतात. मोठ्या कागदावर चौकोन आणि बाण काढा, प्रत्येक चौकोनाला नाव द्या. हीच नावं नंतर कोडमध्ये जातात.

पहिल्या गेमला आठ ते दहा हजार शब्द पुरे. वाचणाऱ्याला साधारण तासभर लागतो. तीन शेवट ठेवा.

पाचवी पायरी: रेनपाय

या कामासाठी रेनपाय हे फुकट आणि मुक्त स्रोत असलेलं इंजिन, म्हणजे गेम बनवायचं आणि चालवायचं सॉफ्टवेअर, घ्या. २००४ पासून ते चालू आहे, पायथन या प्रोग्रामिंग भाषेवर उभं आहे, आणि त्यातून विंडोज, मॅक, लिनक्स, अँड्रॉइड आणि ब्राउझर अशा सगळ्या आवृत्त्या काढता येतात. मराठीसाठी ८.२ किंवा त्यानंतरचीच आवृत्ती वापरा, कारण देवनागरीची जोडाक्षरं नीट जुळवणारी हार्फबझ ही यंत्रणा तिच्यात आहे. जुन्या आवृत्तीत वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाऊन बसते आणि जोडाक्षरं फुटतात.

नवा प्रकल्प करताना १९२० बाय १०८० हा आकार निवडा. फोल्डर आणि फाइलींची नावं रोमन लिपीत, लहान अक्षरांत, मोकळ्या जागा न सोडता ठेवा.

लगेच फॉन्ट बदला, कारण सोबत येणाऱ्या फॉन्टमध्ये देवनागरी नाही आणि तुम्हाला नुसते रिकामे चौकोन दिसतील. नोटो सान्स देवनागरी, मुक्ता किंवा तिरो देवनागरी मराठी हे मुक्त परवान्याचे फॉन्ट आहेत, गेमसोबत देता येतात. फॉन्टची फाइल गेमच्या फोल्डरात टाका आणि जीयूआयच्या, म्हणजे पडदा कसा दिसावा ते ठरवणाऱ्या फाइलीत मजकूर, पात्राचं नाव आणि बटणं या तिन्ही ठिकाणी तिचं नाव लिहा. मग ही ओळ पडद्यावर आणून बघा: “वाऱ्यावर तऱ्हेतऱ्हेच्या किल्ल्या, ॲल्युमिनियमची डबी, ऑक्टोबरचं क्षितिज, शुश्रूषा, ज्ञान, हळद.” ‘ऱ्या’ आणि ‘ऱ्हे’ नीट दिसले, ‘ॲ’ चा चंद्र डोक्यावर बसला, की पुढे चला. उकार आणि रफार वरच्या-खालच्या ओळीला टेकत असतील तर ओळींमधलं अंतर वाढवा. मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ देणारा फॉन्ट मिळाला तर तोच घ्या, आपल्या वाचकाच्या डोळ्यांना ते वळण लागलेलं असतं.

आता कोड. मोजक्या चार आज्ञांवर गेम उभा राहतो. लेबल म्हणजे कागदावरच्या चौकोनाचं नाव, जम्प म्हणजे बाण, मेनू म्हणजे पेच आणि इफ म्हणजे नोंद बघून वाट बदलणं. या आज्ञा रोमन लिपीतच टाइप करायच्या, अवतरणचिन्हांतला मजकूर देवनागरीत. ओळी आत सरकवायला टॅब चालत नाही, चार स्पेस द्या. चौकोनी कंसातला शब्द रेनपाय नोंदीचं नाव समजतं, म्हणून संवादात चौकोनी कंस टाळा.

एक गोष्ट ठसवून सांगतो. गेमभर बदलणारी प्रत्येक नोंद ‘डिफॉल्ट’ या आज्ञेनं घोषित करा, ‘डिफाइन’नं नव्हे. डिफाइन न बदलणाऱ्या गोष्टींसाठी असतं, पात्राचं नाव, रंग वगैरे. बदलणारी नोंद त्यात ठेवली तर वाचणाऱ्यानं गेम सेव्ह करून पुन्हा उघडल्यावर हिशेब चुकू शकतो. आटलेली विहीर पुन्हा भरलेली दिसली की तुमच्या गोष्टीवरचा विश्वास तिथेच उडतो.

किंमत कोडमध्ये कशी आणायची, ते वैष्णवीवरून सांगतो. ‘कानभार’ अशी एक नोंद शून्यावर ठेवा. तिनं शक्ती वापरली की एकानं वाढवा. आकडा दोनवर गेला की त्या दिवसाच्या पुढच्या प्रसंगात इतरांच्या संवादाची तुटकी आवृत्ती दाखवा. मैत्रीण सांगते, “वैष्णवी, उद्या फी भरायची शेवटची तारीख आहे, विसरू नको.” पडद्यावर येतं: “वैष्णवी, … फी … तारीख … विसरू …” वाचणाऱ्याला उद्याच शेवटचा दिवस आहे हे कळत नाही, आणि वैष्णवीलाही नाही. शक्तीची किंमत सांगण्याऐवजी वाचणाऱ्याच्या अंगावर घालायची रीत ती हीच. दत्ताच्या बाबतीत आईचा थकवा घेतल्यावर परीक्षेच्या प्रसंगातले पर्यायच कमी करा: ताजातवाना असता तर चार दिसले असते, आता दोनच.

रेनपायमध्ये माउसचं चाक मागे फिरवलं की वाचणारा मागच्या ओळीवर जातो आणि निवड बदलू शकतो. ही सोय चांगली आहे, ठेवा. पण गोष्टीतल्या दोन-तीन निर्णायक निवडींनंतर ती रोखून धरता येते. बोअरचा निर्णय त्यातला एक असावा. सगळीकडे रोखलंत तर वाचणारा वैतागतो.

लिहून झालं की रेनपायच्या लाँचरमधलं लिंट हे चुका तपासणारं बटण चालवा. कुठला बाण नसलेल्या लेबलकडे जातोय, कुठलं चित्र सापडत नाही, हे ते दाखवतं. एकूण शब्दसंख्याही मिळते.

सहावी पायरी: चित्र आणि आवाज

आठ-दहा पार्श्वभूमी पुरतात: अभ्यासिका, मेस, हॉस्टेलची खोली, एसटी स्टँड, शिवार, गावचा आड, टँकरची रांग, गच्ची. एकाच गच्चीची दुपार आणि रात्र केलीत तर काम वाचतं. प्रत्येक पात्राचं एक उभं चित्र आणि चेहऱ्याचे चार-पाच भाव करा. क्रिता हे फुकट सॉफ्टवेअर यासाठी चांगलं आहे. स्वतः काढलेल्या फोटोंवर रंग चढवून पार्श्वभूमी करता येते, पण फोटोत ओळखू येणारी माणसं नकोत, आणि वर्गातल्या कुणाचाही चेहरा पात्राला देऊ नका. बीबी का मकबरा किंवा देवगिरी हवा असेल तर चित्र काढा. पुरातत्त्व खात्याच्या वास्तूंमध्ये व्यावसायिक चित्रीकरणाला परवानगी लागते.

आवाज तुमच्याच गावातले घ्या. कूलरची घरघर, स्टँडवरची घोषणा, बोअरच्या गाडीचा कंप्रेसर. मोबाइलवर रेकॉर्ड करा, ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये साफ करा. सिनेमाची गाणी नकोत, हक्कांचा प्रश्न येतो.

सातवी पायरी: कायदा आणि बाजार

माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ खाली अश्लील मजकूर इलेक्ट्रॉनिक रूपात प्रसिद्ध केल्यास पहिल्या दोषसिद्धीला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड आहे. उघड लैंगिक कृती दाखवणाऱ्या मजकुरासाठी ६७अ आहे, त्यात पाच वर्षं आणि दहा लाख. शिवाय भारतीय न्याय संहितेचं कलम २९४ आहे. भारतात बसून काम करणाऱ्यानं जवळिकीचा प्रसंग दारापर्यंत नेऊन तिथे पडदा पाडावा, असं माझं स्पष्ट मत आहे. दार बंद होण्याआधीचं बोलणं आणि सकाळचं बोलणं नीट लिहिलंत तर मधलं कुणी मागत नाही.

सुरुवातीला वयाची विचारणा ठेवा आणि तिचं उत्तर रेनपायच्या ‘पर्सिस्टंट’ नोंदीत साठवा, म्हणजे दर वेळी विचारावं लागत नाही. त्याच पडद्यावर गोष्टीत काय आहे ते लिहा: कर्ज, आत्महत्येचा उल्लेख, मारहाण, दारू. आत्महत्येचा विषय आपल्या भागात अनेक घरांच्या जवळचा आहे. वाचणाऱ्याला आधी कळू द्या.

इच डॉट आयओ आणि स्टीम ही गेम विकायची ऑनलाइन दुकानं आहेत. इचवर गेम टाकायला पैसे लागत नाहीत. स्टीमवर दर गेमला १०० डॉलर भरावे लागतात आणि विक्री १००० डॉलरपर्यंत गेली की ते परत मिळतात. जुलै २०२५ मध्ये पैसे वळते करणाऱ्या कंपन्यांच्या दबावामुळे इचनं प्रौढ खुणेचे गेम शोधातून आणि यादीतून काढले, स्टीमनंही काही गेम हटवले. त्यामुळे आपल्या पानावरची माहिती खरी आणि नेमकी लिहा. उघड दृश्यं नसताना तशी खूण लावू नका, आणि असलेलं काही लपवू नका. चित्रांसाठी एआय वापरलं असेल तर स्टीमच्या अर्जात ते सांगावं लागतं. अमेरिकी दुकानातून पैसे घेताना डब्ल्यू-८बेन हा कराचा फॉर्म भरायचा असतो, तिथे आपला पॅन चालतो.

बाहेर काढण्याआधी तीन माणसांना गेम द्या: कधीच गेम न खेळलेला एक, खूप खेळणारा एक, आणि पात्रांच्या गावाकडचा एक. शेजारी बसा, पण बोलू नका. कुठे ते पर्यायावर थांबतात आणि कुठे न वाचताच क्लिक करतात, तेवढं टिपा. ज्या पर्यायावर कुणीच थांबत नाही, त्याची किंमत अजून लिहिली गेलेली नाही. तो परत लिहा.

प्रसिद्ध झाल्यावर दुरुस्तीची आवृत्ती काढताना लेबलांची नावं बदलू नका आणि नोंदी पुसू नका, नव्याच भरा. जुने सेव्ह त्या नावांना धरून असतात. नाव बदललं की ज्यांचा गेम अर्धा झाला आहे, त्यांची गोष्ट मधेच तुटते.